खाचांची नळी की साधी जाड नळी?

रायफलच्या नळीवर बाहेरून लांब खाचा पाडल्या की नेम सुधारतो, असं जाहिराती ठासून सांगतात. मला ते पटत नाही. जाडी सारखी असेल तर साधी नळीच जास्त ताठ. खाचांनी पोलाद कमीच होतं. वजन सारखं धरलं तर मात्र पारडं फिरतं, कारण खाचांची नळी जाड ठेवता येते. रायफल खांद्यावर घेऊन चालणाऱ्याला हा फायदा खराच आहे. गार होण्याचं म्हणाल, तर पृष्ठभाग वाढतो, पण पोलाद घटल्याने ती तापतेही लवकर.

नेम ठरतो तो आतल्या एकसारख्या व्यासावर आणि नळीच्या तोंडाच्या कडेवर. त्या कडेला बारीक टवका उडाला तरी वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळी डळमळते. रायफल बाकावर टेकवून नेमबाजी करायची तर मी साधी जाड नळीच घेईन.