तेरचं लामतुरे संग्रहालय: आधी इथं जा, मग देवळं बघा

आम्ही धाराशिवचे, त्यामुळं तेर काय नवीन नाही, लहानपणापासून गोरोबाकाकांच्या दर्शनाला जायलोत, समाधीवर डोकं टेकवायचं, तेरणेच्या काठाला बसून दशम्या आणि शेंगाची चटणी खायची आणि संध्याकाळी घरी. पण त्याच गावात कै. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आहे हे माहीत असून चाळीस वर्षांत एकदाही आत पाऊल टाकलं नव्हतं. ह्या दिवाळीत पोरीनं हट्ट धरला म्हणून गेलो, वडीलही सोबत होते, आणि अर्ध्या तासात निघू म्हणलेलो आम्ही दोन तास आत होतो.

सगळ्यात आधी हे ध्यानात घ्या की हा साठा जमवला तो गावातल्या माणसानं. पाऊस पडला, माती वाहून गेली की तेरच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, मणी, नाणी, खापरं उघडी पडायची, लेकरं खेळायला घ्यायची नाहीतर कुणीतरी फेकून द्यायचं, ते लामतुऱ्यांनी वर्षानुवर्षं गोळा केलं, जपलं आणि शेवटी सरकारच्या हवाली केलं. घरात एवढं धन असताना विकायचा विचार केला नाही, ह्या एका गोष्टीसाठी मी त्यांना हात जोडतो.

आत काय बघायचं? शंखाच्या बांगड्या, मणी, सातवाहनांची नाणी आहेत, पण मी अडकलो ते पांढऱ्या केओलिन मातीच्या छोट्या बाहुल्यांपाशी. बोटाएवढी बाई, पण केसांची ठेवण, कानातलं, गळ्यातलं सगळं ठळक. ह्या दोन साच्यांत दाबून करायचे, पुढचा भाग एकात, मागचा दुसऱ्यात आणि मग जोडायचे, नीट बघितलं तर कडेला सांध्याची रेघ दिसती. पोरगी म्हणाली पप्पा हे तर आपल्या गणपतीच्या साच्यासारखं. वडील काही बोलले नाहीत, नुसतं काचेला नाक लावून बघायले होते. तेरला हस्तिदंताची एक स्त्रीमूर्तीही सापडलीय आणि तशीच, बहिणीसारखी दिसणारी मूर्ती 1938 मध्ये इटलीत पॉम्पेईच्या ढिगाऱ्यात निघाली, ते शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेलं. म्हणजे इथल्या बाजाराचा माल कुठवर जायचा बघा.

कारण तेर म्हणजेच जुनं तगर. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस नावाच्या ग्रीक पुस्तकात लिहिलंय की पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठं शहर आहे आणि तिथलं कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरावर जातं. आमच्या ह्याच काळ्या रानातनं ते गाडे गेले असतील, हे डोक्यात आलं आणि अंगावर काटा आला.

मग त्रिविक्रम मंदिरात गेलो. आजवर शंभरदा दर्शन घेतलं असंल, पाय वर उचललेला त्रिविक्रम बघायचा, हात जोडायचे, बाहेर. ह्यावेळी मागं चक्कर मारली. मागची बाजू गोल आहे, हत्ती बसल्यावर पाठ दिसावी तशी, म्हणून त्याला गजपृष्ठ म्हणतात, आणि सगळं बांधकाम विटांचं. मूळचा हा बौद्ध चैत्य, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह, असावा असं अभ्यासक मानतात, समोरचा मंडप नंतरचा. महाराष्ट्रात उभ्या राहिलेल्या सगळ्यात जुन्या वास्तूंपैकी ही एक आणि आपण तिच्या सावलीत चप्पल सोडून निघून जातो. म्हणून म्हणतो आधी संग्रहालय करा, नुसतं देऊळ बघून हे कळत नाही.

तक्रार एकच. धाराशिवकडनं येताना वळणावर संग्रहालयाकडं नेणारा एकही फलक आम्हाला दिसला नाही, तीन ठिकाणी विचारावं लागलं, दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो पोरगा म्हणाला, "काकांच्या देवळाकडं का?" बाहेरून आलेल्या माणसानं काय करायचं? एवढं मोठं गाव, आणि निदान तगर ही दोन अक्षरं... तीनच अक्षरं हो, रस्त्यावर मोठ्ठी लिहायला काय जातंय.

जाताना निवांत जा, घाई करू नका, उघडं आहे का ते आधी विचारून घ्या, वयस्कर माणूस सोबत असंल तर सकाळीच निघा. उत्तरेश्वराचं देऊळ बघायचं राहिलंय आमचं, वडिलांनी येतानाच गाडीत सांगून ठेवलं, पुढच्या रविवारी परत यायचं.