इंडक्शन हॉब, ओव्हन आणि अर्थिंग: प्लगवर चालवायचं की मेनपासून वेगळी लाइन ओढायची?

कोल्हापुरात स्वयंपाकघर नव्यानं करायला घेतलं की हल्ली दोन गोष्टी यादीत असतातच: कट्ट्यात बसवलेला हॉब, म्हणजे इंडक्शनची शेगडी, आणि त्याखाली ओव्हन. दुकानात काच, रंग, टायमर यांवर तासभर खल होतो आणि जोडणीचं मात्र ‘ते वायरमन बघंल’ म्हणून सोडून दिलं जातं. वायरमन येतो तेव्हा फरशी बसलेली असते, भिंत फोडायला घरात कुणी तयार नसतं. मग जवळ दिसेल त्या सॉकेटात प्लग जातो.

आधी आकडे. सुट्टं, एका भांड्याचं इंडक्शन साधारण 2000 वॅटचं. 230 व्होल्टवर ते जवळपास 9 अँपिअर ओढतं. 16 अँपिअरचा सॉकेट आणि मागे 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असेल तर प्लग पुरेसा आहे, फक्त त्याच लाइनवर गीझर नको. दोन चुलींचा हॉब 3500 वॅटचा असेल तर हिशेब 15 अँपिअरच्या पुढे जातो. कागदावर बसतंय, पण रस्सा तासभर उकळत ठेवला की सैल सॉकेटात पिना तापतात, प्लास्टिक पिवळं पडतं आणि एक दिवस करपल्याचा वास येतो. चार चुलींचा, 7000 वॅटच्या आसपासचा हॉब 30 अँपिअर मागतो. त्याला प्लगचा विचारच करू नका.

भाड्याचं घर असेल आणि एकच इंडक्शन असेल, तर प्लग बरा. ओढून काढला की वीज तुटली हे डोळ्यांना दिसतं, घर बदलताना सामान उचलून नेता येतं. स्वतःचं घर असेल आणि हॉब कट्ट्यात बसणार असेल, तर मी वेगळ्या लाइनच्याच बाजूचा आहे: चार चुलींसाठी 6 चौरस मिलिमीटर तांबं, 32 अँपिअरचा डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी, म्हणजे वायरीला झेपेल त्यापेक्षा जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा स्विच, आणि हॉबच्या बाजूला हाताला येईल असा डबल पोल स्विच. तापलेल्या भांड्यावरून हात न्यावा लागेल अशा जागी तो स्विच नको. जुन्या 2.5 च्या वायरवर फक्त एमसीबी बदलून 32 चा लावणारे भेटतात. त्यांना चहा पाजून परत पाठवा, कारण एमसीबी पडायच्या आत वायर भिंतीत शिजेल. बिलावरचा मंजूर भारही बघून घ्या. तो कमी असेल तर महावितरणकडे भारवाढीचा अर्ज आधी, हॉब नंतर.

आता अर्थिंग, म्हणजे यंत्राच्या पत्र्यावर उतरलेली वीज जमिनीत नेणारी वाट, कारण खरा घोळ तिथं आहे. इंटरनेटवर अमेरिकन रेंज (चुली आणि ओव्हन एकत्र असलेली शेगडी) जोडायचे व्हिडिओ दिसतात. त्यात न्यूट्रल आणि बाहेरची पत्र्याची बॉडी यांच्यामध्ये पत्र्याची एक पट्टी असते. तिकडे जुन्या तीन तारांच्या जोडणीत ती चालायची. 1996 पासून नव्या जोडणीला तिकडच्या नियमांतही चौथी, स्वतंत्र अर्थची तार लागते. आपल्याकडे तोच उद्योग सॉकेटात होतो. अर्थची तार सापडली नाही की न्यूट्रलमधून एक तुकडा काढून वरच्या जाड पिनेला जोडायचा. टेस्टरला सगळं ठीक दिसतं. मागे कुठं न्यूट्रल तुटला, की ओव्हनचा दरवाजा 230 व्होल्टवर जातो.

मंगळवार पेठेतलं जुनं घर आणि ताराबाई पार्कातला फ्लॅट यांचे प्रश्न वेगळे. जुन्या घरात अर्थ बरेचदा नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेला असतो. मध्ये कधीतरी प्लंबरनं पीव्हीसीचा तुकडा घातला की अर्थ तिथंच संपला. अशा घराला स्वतःचा खड्डा हवाच. कोळसा-मिठाचा पाइप स्वस्त पडतो, पण उन्हाळ्यात त्याला पाणी पाजावं लागतं आणि मीठ हळूहळू लोखंड खातं. केमिकल अर्थिंग, म्हणजे मिठाऐवजी ओल धरून ठेवणारी तयार पावडर, महाग असतं, पण देखभाल कमी. अंगणात माती असेल आणि पाणी घालायला माणूस असेल तर पहिला पर्याय पुरतो. मुरूम-खडकावरच्या घराला मी दुसरा सुचवेन. फ्लॅटवाल्यांनी मीटर रूममध्ये उतरून अर्थची पट्टी खरंच जोडलेली आहे का ते बघावं. 2019 आणि 2021 च्या पुरात ज्या इमारतींचं तळघर बुडालं, तिथं तो जोड गंजलेला असू शकतो.

तपासणी परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. नुसत्या व्होल्ट मोजायच्या मीटरवर फसगत होते, कारण कमकुवत अर्थही 230 दाखवतो. जुने वायरमन फेज आणि अर्थ यांच्यात 100 वॅटचा बल्ब लावतात, ते उगाच नाही: कमकुवत अर्थवर तो मंद पेटतो. आरसीसीबी, म्हणजे वीज अर्थकडे गळू लागली की पडणारा स्विच, असेल तर बल्ब लावताच तो पडायला हवा. न पडता बल्ब झकास पेटत राहिला, तर अर्थच्या पिनेला न्यूट्रल जोडलेला आहे किंवा आरसीसीबीच बाद आहे.

आरसीसीबी 30 मिलिअँपिअरचा घ्या आणि एमसीबीच्या जोडीला घ्या, बदली म्हणून नव्हे. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस.

जुलैत एक तक्रार ठरलेली असते: महिनोन् महिने न लावलेला ओव्हन सुरू केला की आरसीसीबी पडतो. कॉइलच्या आतल्या पावडरीत ओल शिरलेली असते. इथं काही जण ओव्हनची अर्थची तारच कापून ‘झालं काम’ म्हणतात. तसं करू देऊ नका. ओव्हन उघडून कोरड्या जागी वाळवायला सांगा, इन्सुलेशन मोजायला सांगा, आणि तरीही पडत असेल तर कॉइल बदला.