टीसीईची टाकी काढायची, तर तिच्या जागी काय?

ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे टीसीई, हे द्रावक जॉबवरचं, म्हणजे कारखान्यात घडवलेल्या धातूच्या भागावरचं तेल काढण्यात (डिग्रीसिंगमध्ये) तरबेज आहे. ८७ अंश सेल्सिअसला ते उकळतं, वाफ थंड जॉबवर द्रवते, तेल घेऊन खाली गळते आणि जॉब कोरडा बाहेर येतो. म्हणूनच ते सोडवत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे, आणि युरोपीय संघात २१ एप्रिल २०१६ नंतर खास परवान्याशिवाय त्याचा वापर बंद आहे. टाकी बदलायचीच आहे, असं धरूनच पुढचा विचार करा.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे त्याच टाकीत दुसरं द्रावक ओतणं. ही वाट घेऊ नका. एन-प्रोपिल ब्रोमाइड ७१ अंशांनाच उकळतं, त्यामुळे जास्त उडतं. त्याने मज्जातंतूंना इजा होते, पाय बधिर होतात, चाल बिघडते. परक्लोरोइथिलीनही संभाव्य कर्करोगकारक आहे. दोन्हींत विषाचं फक्त नाव बदलतं. खरी निवड उरते ती पाण्यावरची धुलाई आणि बंद व्हॅक्यूम यंत्र यांच्यात.

जॉब पुढे प्लेटिंग (धातूचा मुलामा), फॉस्फेटिंग (फॉस्फेटचा थर) किंवा रंगाच्या पूर्वप्रक्रियेला जाणार असेल, तर पाणीच घ्या. तिथे तो पुन्हा ओलाच होणार असतो, म्हणून सुकवण्याची कटकट वाचते. पोलादाला साधारण २ ते ५ टक्के अल्कली क्लीनर, ५५ ते ६५ अंश तापमान आणि ढवळणं किंवा २५ ते ४० किलोहर्ट्झचं अल्ट्रासोनिक, एवढ्यावर बहुतेक कटिंग ऑइल (धातू कापताना वापरलेलं तेल) निघतं. ॲल्युमिनियम आणि जस्ताला मात्र तीव्र अल्कली खाते, जॉब काळवंडतो. त्यांना सौम्य, इन्हिबिटर (धातू खाणं रोखणारा घटक) असलेला क्लीनर हवा. खळबळण्याच्या टाक्या दोन ठेवा आणि ताजं पाणी शेवटच्या टाकीत सोडून उलटं पहिलीत आणा. पाण्याची मोठी बचत होते.

पाण्याची पद्धत फसते ती नेहमीच्याच जागी. बास्केट ठासून भरली की आतले जॉब तेलकटच राहतात. ब्लाइंड होलमध्ये, म्हणजे आरपार नसलेल्या भोकात, पाणी साचतं, तिथूनच गंज सुरू होतो, म्हणून भोकं खाली तोंड करून जॉब लावा आणि आधी हवेचा झोत, मग गरम हवा द्या. लगेच गंजणाऱ्या पोलादाला शेवटच्या पाण्यात गंजरोधक घाला, पण प्लेटिंगआधी नको, तिथे त्याचा थर आड येतो. तेल पाण्यात मिसळून टाकणारा क्लीनर घेतलात तर स्किमर (वर तरंगणारं तेल काढणारं साधन) काही उचलत नाही. तेल वर सोडणारा क्लीनर मागा. क्लीनरची तीव्रता टायट्रेशनने (रसायन थेंबथेंब घालून मोजण्याच्या पद्धतीने) तपासा, कारण मिसळलेल्या तेलामुळे रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वळण्यावरून तीव्रता सांगणारं उपकरण) चुकीचा आकडा दाखवतो. सांडपाण्यावरच्या प्रक्रियेचा खर्चही आधीच धरा.

बारीक नळ्या, एकमेकांना चिकटणारे पातळ प्रेसचे जॉब, व्हॅक्यूम ब्रेझिंगला (निर्वातात धातू जोडायला) जाणारे भाग यांना मॉडिफाइड अल्कोहोल किंवा हायड्रोकार्बन या द्रावकांचं बंद व्हॅक्यूम यंत्र शोभतं. आधी हवा काढून मगच द्रावक येतं, म्हणून ज्वलनशील असूनही ते सुरक्षितपणे वापरता येतं, आणि ऊर्ध्वपातनाने (डिस्टिलेशनने) तेच द्रावक पुन्हा कामी येतं. पण यंत्र महाग, व्हॅक्यूम पंपाची निगा कडक. क्लोरिनयुक्त कटिंग ऑइल वापरत असाल, तर ते डिस्टिलेशनच्या उष्णतेत फुटून आम्ल होतं आणि यंत्र आतून खातं. त्यामुळे आधी तेल बदला. तसंही एकच जॉब दोन-तीनदा डिग्रीस होतोय का, हेही बघा; मधली एक पायरी पुष्कळदा गाळता येते.

चाचणीला सोपे जॉब देऊ नका, सगळ्यात वेड्यावाकड्या आकाराचे आणि तेल वाळलेले द्या. धुतल्यावर नीट खळबळून स्वच्छ पाण्यात बुडवा आणि बाहेर काढा. पाण्याचा पापुद्रा कुठेही न फाटता अर्धा मिनिट टिकला पाहिजे.

बदल होईपर्यंत जुन्या टाकीवर झाकण ठेवा, हॉइस्ट (जॉब वर-खाली करणारी यारी) मिनिटाला ३.३ मीटरपेक्षा जलद चालवू नका आणि तळात ॲल्युमिनियमचा चुरा साचू देऊ नका. टीसीईत मिसळलेला स्टॅबिलायझर (त्याला फुटू न देणारा घटक) संपला की चुरा टीसीईशी जोरात अभिक्रिया करून आम्लाची वाफ सोडतो. टाकी रिकामी केल्यावरही धोका असतोच: टीसीईची वाफ हवेच्या साडेचार पट जड, तळाशीच बसते. हवा खेळवून, आतली वाफ मोजून, बाहेर माणूस उभा केल्याशिवाय गाळ खरवडायला कुणालाही आत उतरवू नका.