वॉकर आणि टकर: धंदा एक, आडनावं दोन

वॉकर म्हणजे पायी फिरणारा, असं सहज वाटतं. ते चूक आहे. वॉकर आणि टकर ही दोन्ही आडनावं एकाच कामातून आली. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरळ आणि तेलकट असतं. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ते हौदात टाकून शिळ्या मुतात तासन्‌तास पायांनी तुडवत. मुतातल्या अमोनियाने तेलकटपणा सुटे, आणि तुडवल्याने कापड आटून दाट होई. मातीही वापरत, आपल्या मुलतानी मातीच्याच जातीची. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून पाणचक्कीवरचे लाकडी हातोडे हे काम करू लागले. पाय सुटले, नाव चिकटलं ते चिकटलंच.

वॉकर हे जुन्या इंग्रजीतल्या तुडवण्या-लोळवण्याच्या क्रियापदावरून आलं. टकरचं मूळ क्रियापद त्याहून कठोर, छळणे या अर्थाचं. कापडाचे हाल पाहता मला तेच जास्त नेमकं वाटतं.

फरक खरा दिसतो तो नकाशावर. वॉकर उत्तरेचे: यॉर्कशर, लँकशर, मिडलंड्स, शिवाय स्कॉटलंड. टकर नैर्ऋत्येचे, डेव्हन आणि सॉमरसेटचे. एक्सेटरमध्ये विणकर-टकरांच्या संघाचं 1471 सालचं सभागृह, टकर्स हॉल, अजून उभं आहे आणि कॉर्नवॉलमध्ये टकिंगमिल नावाचं गावच आहे. आग्नेयेकडे याच कामाला तिसरं नाव, फुलर.

संख्येत मात्र वॉकर कितीतरी पुढे. नुसत्या आडनावावरून घराण्याचा मुलूख ताडायचा असेल तर टकर जास्त भरवशाचं. वॉकर कुठेही भेटतात.