मेमधला राफ्ट: थंड पाणी की बर्फ?

एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो. दीड मीटर जाडीचा राफ्ट (इमारतीखालचा पायाचा सलग स्लॅब) ओतायचा असेल तर काँक्रीट थंड ठेवायला आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लांटवर पाणी गार करणारा चिलर लावायचा की बर्फ टाकायचा?

गणित बघा. एक घनमीटर काँक्रीट म्हणजे साधारण 2,400 किलो. ते एक अंशाने उतरवायला अंदाजे 2,400 किलोज्यूल उष्णता काढावी लागते. 120 लिटर पाणी 30 वरून 5 अंशांवर आणलं, तर फायदा जेमतेम 5 अंशांचा. त्याच पाण्यातलं 60 किलो बर्फाच्या रूपात टाकलं, तर 11 अंश. कारण वितळताना बर्फाचा प्रत्येक किलो 334 किलोज्यूल शोषतो.

पण बर्फ त्रास देतो. लादी फोडून टाकली की मोठी ढेकळं न वितळता ट्रकमध्ये जातात आणि मागाहून तिथे पोकळी राहते. फ्लेक बर्फच (पातळ चकत्यांचा) हवा, तोही तोलून. त्याचं वजन मिक्सच्या पाण्यातून वजा करायचं. गोणीच्या अंदाजाने टाकला की स्लंप (काँक्रीटचा पातळपणा) वाढतो, ताकद घटते. चिलरला ही कटकट नाही, फक्त टाकी आणि पाइप उन्हात उघडे ठेवू नका.

साध्या स्लॅबला चिलर पुरे. जाड राफ्टचा गाभा सिमेंटच्या उष्णतेने तापतो, त्याचं तापमान 70 अंशांच्या आत ठेवायचं असतं, तिथे बर्फच घ्यावा आणि ओतकाम रात्री करावं. रात्री ट्रक ट्रॅफिकमध्येही अडकत नाही. खडीवर मात्र दोन्ही बाबतीत शेड हवीच, मिक्समध्ये सर्वांत जास्त वजन तिचंच.