दाविदाच्या उतारवयाचा अभ्यास: छापील पवित्र शास्त्र घ्यावं की फोनवरचं ऍप?

मंडळीतल्या वडिलांसाठी आणि पंचांसाठी वय, नम्रता आणि क्षमा या विषयांवर अभ्यासवर्ग घ्यायचा असेल, तर 2 शमुवेल 13 पासून 1 राजे 2 पर्यंतच्या भागाइतका भरघोस मजकूर शोधून सापडणार नाही. तो वाचायला बहुतेकांच्या हाताशी दोन साधनं असतात. एक, भारतीय बायबल सोसायटीचं छापील पवित्र शास्त्र, म्हणजे उपासनेत वाचलं जातं ते आर. व्ही. (रिव्हाइज्ड व्हर्जन) भाषांतर. दुसरं, यूव्हर्जनचं मोफत बायबल ऍप. आमचं मत आधीच सांगतो: वाचन छापील प्रतीतूनच करावं, आणि ऍप फक्त तुलनेसाठी जवळ ठेवावं.

याचं कारण शिमीची गोष्ट. ती एका जागी नाही. 2 शमुवेल 16:5-13 मध्ये राजा दावीद बंड केलेल्या आपल्या मुलापासून, अबशालोमापासून पळतोय आणि बहूरीमजवळ आधीचा राजा शौल याच्या घराण्यातला शिमी शिव्याशाप देत त्याच्यावर धोंडे फेकतोय. दाविदाचा सरदार अबीशय शिमीचं डोकं उडवायला निघतो, दावीद त्याला आवरतो. अध्याय 19:16-23 मध्ये बंड मोडल्यावर दावीद परत येतो, शिमी पाया पडतो, अबीशय पुन्हा तीच मागणी करतो आणि राजा शपथ घेऊन शिमीला अभय देतो. बहुतेक प्रवचनं इथं थांबतात. ऍपवरच्या रोज चार वचनं देणाऱ्या वाचन योजनांमध्येही प्रसंग असाच तुटण्याचा धोका असतो. पण 1 राजे 2:8-9 मध्ये मरणाच्या दारात असलेला तोच दावीद आपल्या मुलाला, शलमोनाला सांगतो की या माणसाला निर्दोष समजू नकोस. शलमोन शिमीला यरुशलेमेत राहायला लावतो आणि किद्रोन ओहोळ ओलांडायचा नाही अशी अट घालतो. तीन वर्षांनी शिमीचे दोन दास गथला पळतात, तो त्यांना आणायला जातो आणि शलमोनाचा सरदार बनाया याच्या हातून मारला जातो (2:36-46).

ही तीन ठिकाणं एकत्र वाचल्याशिवाय नेतृत्वातल्या क्षमेबद्दल काही बोलूच नये, असं आम्हाला ठामपणे वाटतं. छापील प्रतीत तीन कागदी खुणा घातल्या की वर्गातला प्रत्येक जण क्षणात मागेपुढे जातो. फोनवर पुस्तक, अध्याय, वचन असं निवडत बसावं लागतं; तेवढ्यात एखाद्याला मेसेज येतो आणि वर्गाचा सूर मोडतो.

ऍपमध्ये नावानं शोध घेतला तर वेगळीच अडचण येते. शिमी नावाची माणसं शास्त्रात बरीच आहेत. 1 राजे 1:8 मध्ये शलमोनाच्या बाजूनं उभा राहणारा एक शिमी आहे आणि 4:18 मध्ये एलाचा मुलगा शिमी आहे. आपल्याला हवा आहे तो गेराचा मुलगा, बन्यामीन वंशातला. वर्गात कुणीतरी 1:8 वाचून “हा तर शलमोनाचाच माणूस होता” असं म्हणतो आणि चर्चा भरकटते. बापाचं नाव पाहून खात्री करायची सवय पहिल्याच बैठकीत लावून द्यावी.

ऍप खरं उपयोगी पडतं ते तुलनेला. वचनावर बोट टेकवायचं, खालून येणाऱ्या यादीतून तुलनेचा पर्याय निवडायचा आणि आर. व्ही.च्या शेजारी मराठी समकालीन आवृत्ती लावायची. आर. व्ही.ची भाषा भारदस्त आहे आणि ज्येष्ठांना ती तोंडपाठ असते. तरुणांना मात्र काही वाक्यं दुसऱ्या आवृत्तीत चटकन कळतात. अक्षर मोठं करण्याची सोयही नजर अधू झालेल्यांसाठी मोलाची आहे. छापील प्रत घेताना म्हणूनच टाईप उघडून बघावा. खिशातली छोटी प्रत दिसायला छान, पण सत्तरीच्या माणसाला संध्याकाळच्या दिव्यात तिचा काही उपयोग नाही. कागद पातळ असतो, त्यामुळे खुणा पेन्सिलीनंच करा. शाई मागच्या पानावर उतरते.

वर्ग चार बैठकांचा ठेवावा, प्रत्येकी साधारण सव्वा तास, आठ-दहा जणांचा गट. पहिल्या बैठकीत 2 शमुवेल 13:37 ते 14:33. सावत्र भावाला मारून अबशालोम तीन वर्षं आजोळी गशूरात, मग यरुशलेमेत परत, आणि तिथं दोन वर्षं बापाचं तोंडही न पाहता. शेवटी सेनापती यवाबाचं सातूचं शेत पेटवून देईपर्यंत त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. माणसाला परत बोलावलं पण भेटायचं नाही, ही अर्धवट क्षमा मंडळ्यांमध्ये आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. या बैठकीला घाई करू नका.

दुसऱ्या बैठकीत अध्याय 16. सीबा या चाकराचं एकतर्फी ऐकून दावीद त्याच्या धन्याची, शौलाचा नातू मफीबोशेथ याची, सगळी मालमत्ता सीबालाच देऊन टाकतो, ते इथंच (16:1-4); त्याची दुरुस्ती 19:24-30 मध्ये, आणि तीही निम्मीच. थकलेल्या नेत्यानं चालता चालता दिलेला निकाल कसा असतो, ते यापेक्षा स्पष्ट कुठं लिहिलेलं नाही.

तिसरी बैठक 19:15-40. इथं 17व्या वचनाकडे लक्ष वेधावं: शिमी एकटा येत नाही, बन्यामिनाची हजार माणसं बरोबर घेऊन येतो. मग ती क्षमा किती मनापासूनची आणि किती राजकारणाची? वर्गाला वाद घालू द्या. त्याच अध्यायात ऐंशी वर्षांचा बर्जिल्लय आहे, दावीद पळत असताना त्याला अन्नधान्य पुरवणारा. राजवाड्यात राहायचं निमंत्रण तो नाकारतो. जेवणाची चव कळत नाही, गाणं ऐकू येत नाही, राजाला भार कशाला, असं सरळ सांगतो आणि आपल्या जागी किम्हाम नावाच्या आपल्या माणसाला पुढे करतो. याला पूर्ण वीस मिनिटं द्या.

चौथ्या बैठकीत आधी 2 शमुवेल 21:15-17. पलिष्ट्यांशी लढताना दावीद थकतो, अबीशय त्याला वाचवतो आणि लोक शपथ घेतात की यापुढे राजानं लढाईला यायचं नाही. 21 ते 24 हे अध्याय काळाच्या क्रमानं लावलेले नाहीत, एवढं सांगून पुढे जावं. मग 1 राजे 1:6, जिथं दाविदानं आपल्या मुलाला, अदोनीयाला कधी जाबच विचारला नाही असं म्हटलं आहे. क्षमा आणि डोळेझाक यांतला फरक इथं बोलता येतो. आणि शेवटी 1 राजे 2:5-9. ही पाच वचनं पेन्सिल हातात घेऊन वाचावीत. 5-6 यवाबाबद्दल, 8-9 शिमीबद्दल, आणि दोघांच्याही पिकल्या केसांचा उल्लेख. मधल्या 7व्या वचनात बर्जिल्लयाच्या मुलांना आपल्या पंगतीला बसव असा निरोप. म्हाताऱ्या राजाची उधारीची वहीच उघडलेली आहे, येणं आणि देणं दोन्ही एकाच पानावर.

हमखास बिघडतं ते इथं. कुणीतरी दाविदाची बाजू सावरायला लागतो, किंवा वर्ग चालवणारा हाच उतारा मंडळीतल्या एखाद्या चालू भांडणावर रोखतो. दोन्ही थांबवा. वेळ उरला तर 2 करिंथ 2:5-8 आणि 1 पेत्र 5:1-5 वाचून घ्या.

कॅथलिक कुटुंबातून कुणी न्यू अमेरिकन बायबल ही इंग्रजी आवृत्ती घेऊन आलं, तर 2 शमुवेल 19 मध्ये तिचे क्रमांक एकानं पुढे असतात, कारण आपल्या 18:33 ला तिथं 19:1 धरलं आहे. बर्जिल्लयाचा प्रसंग आपल्याकडे 31व्या वचनापासून सुरू होतो, त्यांच्याकडे 32व्या. हे आधीच सांगून ठेवावं, म्हणजे पान शोधण्यात वेळ जात नाही.