चेहऱ्यावरच्या व्रणांची भरपाई: मोटार अपघात न्यायाधिकरण की कर्मचारी भरपाई आयुक्त?

मालकाच्या टेम्पोवर काम करणारा चालक, ट्रकवरचा क्लीनर किंवा कंपनीच्या गाडीतून माल पोचवणारा कामगार कामावर असताना रस्त्यावर अपघातात सापडला आणि त्याच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण राहिले, तर भरपाई मागण्याचे दोन मार्ग कायद्याने त्याच्यासमोर ठेवलेले आहेत. पहिला मार्ग मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 166 खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातो. दुसरा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, 1923 मधून आलेल्या तरतुदींखाली आयुक्तांकडे जातो; या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये सामावून घेण्यात आल्या आहेत, पण पुढे त्यांचा उल्लेख ‘1923 चा कायदा’ असाच केला आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम 167 सांगते की अशा व्यक्तीला दोहोंपैकी कोणत्याही एका कायद्याखाली भरपाई मागता येईल, दोन्हींखाली नाही. एकदा एक मार्ग निवडल्यावर दुसरा बंद होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने मस्तान खटल्यात स्पष्ट केले आहे. त्यामुळे पहिला अर्ज लिहिण्याआधीच हा निर्णय विचारपूर्वक व्हायला हवा. प्रत्यक्षात तो बहुधा प्रथम भेटलेल्या वकिलाच्या सवयीवर सोडला जातो, आणि त्याचे मोल जखमी माणसाला मोजावे लागते.

दोन्ही ठिकाणी व्रण तोच असला तरी त्याच्याकडे पाहण्याची रीत वेगळी आहे. 1923 चा कायदा कमाईच्या क्षमतेपलीकडे फारसे पाहत नाही. वेदना, मनस्ताप, लोकांच्या नजरा, मोडलेले लग्न यांना त्याच्या हिशेबात जागा नाही. उपचारांवर झालेला प्रत्यक्ष खर्च मात्र मालकाने द्यायचा असतो. पण याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत एक नोंद आहे, जी व्रणांच्या बाबतीत सारे चित्र बदलते. दोन्ही हात गमावणे आणि पूर्ण बहिरेपण अशा इजांच्या पंक्तीत ‘चेहऱ्याची अत्यंत गंभीर विद्रूपता’ ही इजाही आहे, आणि तिच्यासमोर कमाईच्या क्षमतेची हानी 100 टक्के असे लिहिलेले आहे. चेहरा विद्रूप झाला तरी चालकाला स्टिअरिंग धरता येते, हा युक्तिवाद या नोंदीपुढे टिकू नये, कारण हानीचे प्रमाण कायद्यानेच ठरवून टाकले आहे. ज्या कोणी ही नोंद त्या यादीत घातली, त्याला चेहरा आणि रोजगार यांचे नाते नीट कळले होते, असे मला मनापासून वाटते.

आकड्यांत पाहू. समजा जखमी चालकाचे वय 30 वर्षे आहे आणि त्याचा पगार महिना 18,000 रुपये आहे. 3 जानेवारी 2020 पासून लागू असलेल्या मर्यादेनुसार आयुक्तांपुढे मासिक वेतन 15,000 रुपयांपर्यंतच धरले जाते. कायमच्या संपूर्ण अपंगत्वासाठी त्याचे 60 टक्के, म्हणजे 9,000 रुपये, घेऊन त्याला वयानुसार ठरलेल्या घटकाने गुणले जाते. 30 व्या वर्षासाठी हा घटक 207.98 आहे. भरपाई 18,71,820 रुपये होते. तीत न्यायाधीशाच्या मर्जीचा भाग फार थोडा आहे, आणि हेच या मार्गाचे बळ आहे.

न्यायाधिकरणाचा हिशेब याहून विस्तृत आणि म्हणूनच अधिक अनिश्चित असतो. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची शीर्षके मांडून दिली: औषधोपचार, प्रवास व पौष्टिक आहाराचा खर्च, उपचारांच्या काळात बुडालेली कमाई, कायमच्या अपंगत्वामुळे पुढे बुडणारी कमाई, भविष्यातील उपचार, वेदना व मनस्ताप, आणि जीवनातील सुखसोयींची हानी, ज्यात विवाहाच्या संधीची हानीही येते. त्याच निकालाने हेही बजावले की डॉक्टरांनी लिहिलेली अपंगत्वाची टक्केवारी म्हणजे कमाईच्या हानीची टक्केवारी नव्हे. त्या माणसाच्या प्रत्यक्ष कामावर काय परिणाम झाला, हे तपासावे लागते. हॉटेलच्या स्वागतकक्षात बसणाऱ्या किंवा दारोदार विक्री करणाऱ्या माणसाच्या गालावरचा खोल व्रण आणि रात्री महामार्गावर ट्रक चालवणाऱ्याच्या गालावरचा तसाच व्रण यांना न्यायाधिकरणात एकच रक्कम मिळेलच असे नाही. विवाहाच्या संधीचे शीर्षक व्यवहारात बहुधा अविवाहित मुलींच्या दाव्यात मागितले जाते. निकालाच्या शब्दांत मात्र असा भेद नाही, आणि तरुण मुलग्याच्या वकिलानेही ते आग्रहाने मागावे.

वरच्याच चालकाचा दावा न्यायाधिकरणात नेला तर 18,000 रुपयांचे पूर्ण उत्पन्न धरले जाते. चाळिशीच्या आतल्या, ठरावीक पगारावर काम करणाऱ्यासाठी त्यात भविष्यातील वाढीचे 40 टक्के मिळवता येतात. प्रणय सेठी निकालातले (2017) हे तत्त्व कायमच्या अपंगत्वाच्या दाव्यांनाही लागू आहे, असे 2020 च्या पप्पू देव यादव निकालाने सांगितले. महिना 25,200 म्हणजे वर्षाला 3,02,400 रुपये, आणि सरला वर्मा निकालातील (2009) तक्त्यानुसार 26 ते 30 या वयोगटाचा गुणक (वार्षिक उत्पन्नाला ज्याने गुणायचे तो आकडा) 17 लावला की 51,40,800 रुपये होतात. ही रक्कम शंभर टक्के हानीची आहे. न्यायाधिकरणाने हानी 20 टक्के मानली तर या शीर्षकाखाली 10,28,160 रुपये मिळतात, 40 टक्के मानली तर 20,56,320 रुपये. साधारण 36 टक्क्यांच्या खाली न्यायाधिकरणाचे हे एक शीर्षक आयुक्तांच्या रकमेपेक्षा मागे पडते. मात्र त्यावर वेदना, सुखसोयी आणि पुढच्या शस्त्रक्रिया यांच्या रकमा चढतात, हे विसरू नये. आणि चालकाच्या बाबतीत न्यायाधिकरणाने कमाईची हानी शून्य मानून केवळ एक ठोक रक्कम देण्याचा धोकाही खराच आहे.

चित्र उलटते ते व्रण ‘अत्यंत गंभीर’ या वर्णनात बसत नसेल तेव्हा. कायद्याने या शब्दांची व्याख्या दिलेली नाही, त्यामुळे वैद्यकीय पुरावा आणि चेहरा प्रत्यक्ष पाहून झालेले मत यांवरच सारे ठरते. भुवईवरचा टाक्यांचा माग किंवा हनुवटीवरची चीर तिथपर्यंत पोचणार नाही. मग इजा अनुसूचीबाहेरची ठरते आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या कमाईच्या हानीच्या प्रमाणातच भरपाई मिळते: 20 टक्के हानीला आयुक्तांकडे 3,74,364 रुपये, आणि हानी नाहीच असे डॉक्टरांनी लिहिले तर जवळजवळ काहीच नाही. छाती, पाठ किंवा मांडीवरच्या भाजल्याच्या व्रणांचेही तसेच आहे. अशा मध्यम व्रणांसाठी न्यायाधिकरणच योग्य ठिकाण आहे, कारण कपड्याखाली झाकलेल्या व्रणाचे दुःखही तिथे ऐकले जाऊ शकते.

चूक कोणाची, हा प्रश्न मात्र आधी सोडवला पाहिजे. कलम 166 खाली समोरच्या वाहनाच्या चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो आणि स्वतःचाही काही दोष निघाला तर तेवढी रक्कम कापली जाते. स्वतःच्या चुकीने गाडी उलटवणाऱ्या चालकाला तिथे काही हाती लागत नाही. आयुक्तांपुढे अपघात कामातून आणि कामाच्या ओघात झाला एवढे पुरते. दारू किंवा सुरक्षेच्या नियमाचे हेतुपुरस्सर उल्लंघन असे बचाव मालकाला 1923 च्या कायद्याने दिले आहेत, पण मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल तर तेही चालत नाहीत. म्हणून चेहरा गंभीरपणे विद्रूप झाला असेल आणि एफआयआर किंवा पंचनामा आपल्या विरोधात बोलत असेल, तर आयुक्तांकडे जाणे अधिक शहाणपणाचे आहे. चूक निर्विवादपणे समोरच्याची असेल, उत्पन्न 15,000 च्या बरेच वर असेल आणि ते कागदोपत्री दाखवता येत असेल, तर मी न्यायाधिकरणाच्या बाजूने कौल देईन.

विमा कंपनीकडून लवकर येणाऱ्या प्रस्तावाबाबत विशेष सावध राहावे. मोटार वाहन कायद्यात 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या कलम 164 खाली चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी 2,50,000 रुपये मिळू शकतात, आणि चेहरा कायमचा विद्रूप होणे हा फौजदारी कायद्यातील गंभीर दुखापतीचाच एक प्रकार आहे. परंतु त्याच कायद्याच्या कलम 149 च्या प्रक्रियेने ही रक्कम स्वीकारली की कलम 166 खालचा अर्ज संपुष्टात येतो. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीवरही अपील करता येत नाही. चेहऱ्याचे अंतिम रूप ठरण्याआधी केलेली तडजोड ही सहसा स्वस्तात केलेली तडजोड असते.

कारण व्रण स्थिरावायला वेळ लागतो. जखम भरल्यानंतर तो अनेक महिने लाल, उंचवट्याचा आणि ताठ राहतो. पुष्कळदा वर्ष-दीड वर्षाने त्याचे खरे स्वरूप दिसते, आणि काहींच्या त्वचेत तो केलॉइड होऊन मूळ जखमेच्या बाहेर पसरतो. उलट कलम 166 खाली अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा आहे, तर 1923 च्या कायद्याने दोन वर्षांची मुदत दिली आहे. न्यायाधिकरणात जायचे असेल तर अर्ज मुदतीत दाखल करून वैद्यकीय पुरावा नंतर द्यावा. प्लास्टिक सर्जनने व्रणाची लांबी, जागा, त्वचा आखडून पापणी किंवा ओठ ओढला गेला आहे का, पुढे कोणत्या शस्त्रक्रिया लागतील आणि त्यांचा खर्च किती, हे लेखी द्यावे आणि साक्षीला उभे राहावे. राजकुमार निकालाने तयार प्रमाणपत्रांवर डोळे झाकून विसंबू नये असे न्यायाधिकरणांना बजावले आहे, त्यामुळे साक्षीविना नुसता कागद फार दुबळा ठरतो. अपघातापूर्वीचा एक स्पष्ट फोटो, टाके काढल्यावरचा एक आणि त्यानंतर दर काही महिन्यांनी त्याच उजेडात, त्याच अंतरावरून काढलेले फोटो तारखेसह जपून ठेवावेत.

कामगार राज्य विमा योजनेखाली (ईएसआय) नोंदलेल्या कामगाराला मात्र 1923 च्या कायद्याखाली मालकाकडे भरपाई मागता येत नाही. त्याला कामाच्या ठिकाणच्या इजेसाठी त्या योजनेतले अपंगत्व लाभ मिळतात. म्हणून पगाराच्या पावतीवर या विम्याची कपात दिसते का, हे अर्ज लिहायला बसण्याआधी पाहून घ्यावे.